बाटलीतल्या ताई

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी माझ्या संशोधनासाठी मिश्री भाजून दिली, ही गोष्ट मी आजवर कुठल्याच परिसंवादात सांगितलेली नाही. शोधनिबंधात 'घरगुती पद्धतीने तयार केलेला नमुना' एवढंच लिहून मोकळी झाले. तो नमुना म्हणजे कोल्हारजवळच्या आमच्या वस्तीवर, परसातल्या चुलीवर, जुन्या तव्यात तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजून हातानं चुरलेली पूड. भाजताना अख्ख्या वस्तीला ठसका लागायचा आणि शेजारची म्हातारी कुंपणापलीकडून विचारायची, "निघाली का गं ताजी? चिमूटभर ठिव मला."

मी कॅन्सरच्या पेशींवर काम करते. घरापासून तासाभराच्या अंतरावर एका वैद्यकीय कॉलेजात आमची प्रयोगशाळा आहे, दोन खोल्यांची. आमच्या भागातल्या बायका सकाळी दात घासायच्या निमित्तानं मिश्री लावतात, मग दुपारी जेवण झाल्यावर, मग काम करता करता अजून चार वेळा. हिरडीला चोळायची आणि ओठाखाली धरून ठेवायची. त्या पुडीनं तोंडातल्या पेशीत नेमकं काय बिघडतं, हा माझा विषय. बाजारातल्या पुड्यांचा भरवसा नाही, म्हणून माझे पीएचडीचे सर म्हणाले, घरात भाजलेली कुठे मिळाली तर बघा. सरांना काय ठाऊक, की ती आमच्या घरात चहा-साखरेच्या डब्यांशेजारी असते.

जाऊबाईंना मी ताई म्हणायची. ताई सातवीपर्यंत शिकलेल्या. नवऱ्याची नोकरी फिरतीची, त्यामुळे लग्नानंतर माझा खरा संसार झाला तो ताईंबरोबर. मी पीएचडीला नाव घातलं तेव्हा माझी मुलगी दीड वर्षाची होती. ती कशी वाढली ते ताईंना विचारा असं मी लोकांना सांगायची, आणि ते खरंच होतं. सकाळी साडेसातची एसटी असायची. डबा भरलेला, पाण्याची बाटली भरलेली, आणि दारात उभं राहून ताईंचं एक वाक्य ठरलेलं, "जा, तुझी जनावरं उपाशी आसत्याल."

जनावरं म्हणजे माझ्या पेशी. प्रयोगशाळेत पेशी चपट्या प्लास्टिकच्या बाटलीत वाढवतात. तळाला चिकटून त्या पसरतात आणि वर गुलाबी रंगाचं पातळ खाद्य असतं, त्याला मीडियम म्हणतात. ते दर तिसऱ्या दिवशी बदलावं लागतं. दिवाळी असो, लग्न असो, कुणी आजारी असो, तिसरा दिवस चुकवता येत नाही. सासरच्या इतर मंडळींना हे खूळ वाटायचं. ताईंना वाटलं नाही, कारण घरात दोन गाई होत्या आणि ताईंना स्वतःच्या माहेरी मुक्काम करून किती वर्षं झाली होती ते त्यांनाच आठवत नव्हतं.

मिश्री मागितली तेव्हा त्या खूप हसल्या. "तुझ्या जनावरांना बी लागली व्हय सवय?" मग गंभीर होऊन विचारलं, "किती देनार त्यांला?" मी सांगितलं, पाण्यात भिजवून, गाळून, थेंब-थेंब. त्या दर महिन्याला ताजी भाजून काचेच्या बरणीत द्यायच्या आणि संध्याकाळी निकाल विचारायच्या. मला शिकवायची खाज आहे, ती घरीही सुटायची. भाकरी थापता थापता मी त्यांना सांगितलं होतं, की चांगली पेशी शेजारणीला टेकली की थांबते. तिला कळतं, आता जागा संपली. कॅन्सरच्या पेशीला ते कळत नाही, ती दुसरीच्या अंगावर चढून वाढत राहते. ताई म्हणाल्या, "मंजी शेजारनीच्या दारात चूल मांडनारी." त्यानंतर सरांनी एका व्याख्यानात हेच सांगायला वीस मिनिटं घेतली, तेव्हा मला मनातल्या मनात ताईंचा फार अभिमान वाटला.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते. मी त्यांना मिश्री सोडा म्हणून सांगितलं होतं का? सांगितलं होतं. फोटो दाखवले होते, आकडे सांगितले होते. त्या म्हणायच्या, "तू तुझं काम कर, मी माझं करते." मी दोनदा रागावले, तिसऱ्यांदा कंटाळले. पण खरी गोष्ट अशी, की मला त्यांच्या हातची मिश्री लागत होती. त्यांनी सोडली असती तर मी नमुना कुठून आणला असता? हा विचार मी तेव्हा शब्दांत केला नाही, पण माझा विरोध नरम होता आणि तो का नरम होता हे मला आज कळतं.

एका उन्हाळ्यात आमच्या घरच्या भाज्या अळणी लागायला लागल्या. अळणी म्हणजे मीठ असायचं, तिखट नसायचं. वांगं बेचव, शेवग्याची आमटी फिकी. घरात कुरबुर सुरू झाली. मीही एकदा ताटावर बसून म्हटलं, "ताई, मसाला संपला का काय?" त्या म्हणाल्या, "झोंबतंय गं हल्ली मला." मी म्हटलं, "मग तुमच्यापुरती वेगळी काढून ठेवा ना." आणि जेवले. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटला आम्ही पहिला प्रश्न विचारतो, तिखट झोंबतं का. तो प्रश्न छापलेला कागद त्या दिवशी माझ्या पर्समध्ये होता. मला उमजायला आणखी पाच आठवडे गेले.

खालच्या ओठाच्या आत, मिश्री धरायच्या जागीच, पांढरट चट्टा आणि मधोमध व्रण. मी बॅटरी धरून पाहिलं. ताईंनी माझ्या चेहऱ्याकडं बघितलं आणि ओठ मिटून घेतला. "आसू दे," म्हणाल्या, "आधी तू बस."

ऑपरेशन ठरलं. काढलेल्या गाठीचा एक तुकडा, पेशंटनं परवानगी दिली तर, आमच्याकडे येतो. सरांनी विचारलं, घरातलं माणूस आहे, हा नमुना दुसऱ्या कुणाकडे देऊ का? मी नाही म्हटलं. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचे हात ताईंना लागायला नकोत. ताईंनी परवानगीच्या कागदावर सही केली, सातवीच्या वळणदार अक्षरात, आणि मला म्हणाल्या, "तुझ्या बाटलीत जागा हाय का पर?"

तो तुकडा मीच बर्फाच्या डब्यातून नेला, मीच बारीक केला, मीच बाटलीत घातला. पंधरा दिवस काही नाही. मग एका कोपऱ्यात चार-सहा पेशी तळाला चिकटलेल्या दिसल्या. कशाबशा जगत होत्या, वाढ म्हणाल तर जेमतेम. पुढच्या काही महिन्यांत जेवढ्या झाल्या त्यातल्याच थोड्या मी दोन कुप्यांत भरून गोठवून ठेवल्या, ती आमची रीत आहे.

ताईंचा अर्धा जबडा काढला होता. बोलणं अस्पष्ट झालं होतं, ते मला आणि माझ्या मुलीलाच तेवढं समजायचं. मी घरी आले की त्या विचारायच्या, "वाडल्यात का?" एकदा मी आनंदानं सांगितलं, "हो, आज जरा वाढल्यात." बोलून गेले आणि मग आपण काय बोललो ते लक्षात आलं. ताईंच्याही आलं असणार. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि चहा ठेवायला सांगितला.

आठ महिने काढले त्यांनी. गाठ मानेत परत आली, आणि मग संपलं.

तिसऱ्या दिवशी सावडायचं होतं. सकाळी पुरुष मंडळी राख सावडून प्रवरेला गेली आणि नेमका तोच माझ्या बाटलीचाही तिसरा दिवस होता. सुतकातल्या बाईनं घराबाहेर पडायचं नाही, त्यात बस धरून नोकरीच्या जागी जायचं म्हणजे फारच. नदीवरून परत आल्यावर दादा, म्हणजे ताईंचे यजमान, ओल्या धोतरानं ओट्यावर बसले होते. मी समोर जाऊन म्हटलं, "दादा, मला जावं लागेल. ताईंच्या पेशी आहेत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "जा," म्हणाले.

मी गेले. रडून रडून डोळे सुजलेले, पोटात अन्न नाही. ताज्या मीडियमची एकच बाटली शिल्लक होती. आमच्याकडे दुसरीही एक सेल लाइन असते. सेल लाइन म्हणजे अशा पेशी, ज्या कित्येक वर्षं बाटल्यांमधून वाढतच राहतात. ही जुनी होती, जगभरच्या प्रयोगशाळांत असते, कुठल्याशा दूरदेशच्या बाईच्या गाठीतली, आणि वाढायला भयंकर चपळ. नियम असा, की प्रत्येकीला आपापली मीडियमची बाटली, आणि दोघींना एका बैठकीत हात लावायचा नाही. लावायचाच झाला तर आधी हळू वाढणारीला, मग चपळ असणारीला. मी उलट केलं, एकाच बाटलीतून. आणि त्या दिवसाच्या वहीत ते प्रामाणिकपणे लिहूनही ठेवलं. लिहिलं आणि विसरले.

महिनाभरात ताईंची बाटली भरली. तळ गच्च झाला. मी मायक्रोस्कोपवरून डोळे काढले आणि खाली फरशीवर बसून रडले, सुखानं रडले. आठ महिने ज्या नीट जगतही नव्हत्या त्या आता दोनाच्या चार, चाराच्या आठ होत होत्या. मला वाटलं, ताईंनी मनावर घेतलं.

असं वाटणं शास्त्रात बसत नाही. मला ते कळतं. पण पुढची चार वर्षं मी रोज सकाळी इन्क्युबेटरचं दार उघडून, खोलीत कुणी नाही असं बघून, "काय म्हणताय ताई?" असं विचारत होते. बाटलीवर फक्त एक क्रमांक होता. त्यांच्यावर मी मिश्रीचे प्रयोग केले, औषधांचे केले, आमच्या भागातल्या बायकांच्या तोंडातल्या कॅन्सरची ही पहिलीच सेल लाइन म्हणून सरांनी चार ठिकाणी सांगितलं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही मी प्रयोगशाळेत गेले, मुलीच्या वाढदिवशीही गेले. मुलगी एकदा म्हणाली, "आई, तू मोठ्याईला भेटायला जातेस ना?" ती ताईंना मोठ्याई म्हणायची. मी हो म्हटलं.

दादांना मी कितीदा बोलावलं. या एकदा, मायक्रोस्कोपमधून बघा, तुम्हाला बरं वाटेल. त्यांचं काहीतरी निघायचंच. पेरूची तोडणी आहे, मोटारीला दिवसाची लाइट आज आहे, गाय व्यायला झालीय. मला राग यायचा. चाळीस वर्षं जिनं भाकरी वाढली तिला बघायला माणसाला अर्धा दिवस मिळू नये? मी नवऱ्यालाही ते बोलून दाखवलं. तो म्हणाला, जाऊ दे, दादाचा स्वभाव आहे तसा.

मग निबंध छापायला पाठवायची वेळ आली आणि नियतकालिकानं अट घातली, पेशी ज्यांच्या म्हणता त्यांच्याच आहेत याची डीएनए चाचणी जोडा. हल्ली सगळीकडे मागतात. मी हसतच नमुना पाठवला. सोबत ताईंचं रक्त, तेही आम्ही गोठवून ठेवलेलं होतं. माणसाच्या डीएनएत ठरावीक जागी काही तुकडे किती वेळा येतात ते मोजतात. दोन्ही नमुन्यांच्या आकड्यांचे रकाने जुळले की माणूस तोच.

रकाने जुळले नाहीत. ताईंच्या रक्ताशी त्या पेशींचं काही नातं नव्हतं. त्या पेशी त्या दूरदेशच्या बाईच्या होत्या. खाली तिच्या सेल लाइनचं नाव स्पष्ट छापलेलं होतं.

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "वह्या आणा." आम्ही दोघं पानं उलटत मागे मागे गेलो आणि सावडायच्या दिवसाच्या पानावर थांबलो. माझंच अक्षर, थोडं तिरपं गेलेलं. दोन्ही लाइनना एकाच बाटलीतून. त्या चपळ पेशींतली एखादी मीडियमच्या बाटलीत गेली असेल आणि तिथून ताईंच्या बाटलीत. एक पुरते. ती वाढली, ताईंच्या मोजक्या जणी तिच्याखाली दबून गेल्या, आणि मी चार वर्षं एका अनोळखी बाईला ताई म्हणत राहिले. तिचीही कुठे कुणी जाऊ असेल, असं त्या दिवशी बसमध्ये माझ्या मनात आलं.

सुरुवातीच्या दोन कुप्यांतली एक आम्ही आधीच वापरून वाया घालवली होती. एक उरली होती, ताई जिवंत असतानाची. सर म्हणाले, ती काढा, उगवली तर निदान पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येईल. सरांना काम वाचवायचं होतं. मला काम नको होतं.

गोठवलेली कुपी कोमट पाण्यात धरली की मिनिटभरात विरघळते. मी ती कोपर टेबलाला टेकवून धरली. नवी बाटली, नवं मीडियम, खोलीत दुसरं काही नाही. जिवंत पेशी तळाला बसते आणि पाय पसरून चिकटते, मेलेली गोल होऊन तरंगते. पहिल्या दिवशी सगळ्या तरंगत होत्या. तिसऱ्या दिवशी एका कडेला तीन चिकटल्यासारख्या दिसल्या. मी घरी काही बोलले नाही, पण स्वयंपाक करताना गुणगुणत होते, असं मुलीनं सांगितलं. पाचव्या दिवशी त्या तिघीही सुटल्या. तरी मी तीन आठवडे दर तिसऱ्या दिवशी मीडियम बदललं, रिकाम्या बाटलीचं. मीडियम गुलाबीच राहायचं. पेशी जगत असल्या तर ते पिवळट होतं, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. शेवटी सर म्हणाले, "आता पुरे." मी बाटलीत ब्लीच ओतलं आणि हात धुतले.

दादांना सांगणं भाग होतं. रविवारी सकाळी ते पेरूच्या बागेत क्रेट भरत बसले होते. मी समोर उकिडवी बसले आणि सगळं सांगितलं, सावडायच्या दिवसापासून. माझी चूक आहे, असंही सांगितलं. ते पेरू पुसत ऐकत होते.

"मंजी त्या तिच्या न्हवत्याच?"

"नाही."

"आन आता तिचं काईच न्हाई ऱ्हायलं तिथं?"

"एक कुपी होती. तीही गेली."

त्यांनी क्रेट सरकवला. "मग बरं झालं," म्हणाले.

माझा संताप झाला. "बरं काय दादा? चार वर्षांत तुम्ही एकदाही आला नाहीत, आणि आता म्हणता बरं झालं?"

त्यांनी हातातला पेरू कागदात गुंडाळला, ठेवला, दुसरा घेतला. "तू लई बोलवायचीस," ते म्हणाले. "मी येनार हुतो कसा? जेनं तिला खाल्लं त्याला तू खायाला घालत हुतीस. सनासुदीला बी घालत हुतीस. तिच्या मायेनं करतीस म्हनून मी कदी तोंड उघाडलं न्हाई. पर माज्यानं न्हाई बघवलं आसतं ते, पोरी."

त्यांचं चुकत नव्हतं. बाटलीत होतं ते ताईंचं दुखणं होतं, ताई नव्हत्या. हे मी वर्गात शिकवते. ताईंच्या चांगल्या पेशी मी वाढवल्या असत्या तर त्या थोडे दिवस जगून आपोआप थांबल्या असत्या, चांगल्या पेशींची रीतच ती. बाटलीत वर्षानुवर्षं जगू शकतं ते फक्त बिघडलेलं. दादांना हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्यांना ते चार वर्षं ठाऊक होतं.

मी त्यांच्याबरोबर उरलेले क्रेट भरू लागले. त्यांना सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही, की त्या तीन आठवड्यांत रोज सकाळी मी काय मागत होते. ज्यानं ताईंचा जबडा नेला, ज्यानं त्यांना नेलं, तेच तळाला चिकटू दे, तेच वाढू दे, मी जन्मभर त्याला खायला घालीन. मला ठाऊक होतं ते काय आहे. पण ताईंमधलं माझ्याजवळ राहू शकणारं तेवढंच होतं, आणि मला ते हवं होतं.